घरच्या खोलीत रेकॉर्डिंग स्टुडिओ: आधी काय घ्यावं आणि खोलीचं काय करावं?

नवखा_षड्ज

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका खोलीत गाणी रेकॉर्ड करून तिथेच मिक्स करायची आहेत. गायन आणि अकूस्टिक गिटार माइकवर, बाकी सगळी वाद्यं मिडी कीबोर्डवरून (कोणता सूर दाबला एवढंच संगणकाला सांगणारा कीबोर्ड) सॉफ्टवेअरमध्ये. एका वेळी एक, फार तर दोन माइक लागतील. ड्रम किट रेकॉर्ड करायचा विचार नाही.

खोली ३.६ मीटर लांब, ३ मीटर रुंद, छत २.७ मीटरवर. फरशी उघडी आहे. एका लांब भिंतीत खिडकी, तिच्या समोरच्या भिंतीला कपड्यांचं कपाट. लॅपटॉप विंडोजचा, १६ जीबी रॅम, एसएसडी.

जितकं वाचावं तितका गोंधळ वाढतोय. वस्तू कुठल्या क्रमाने घ्याव्यात? कंडेन्सर माइक घ्यावा की डायनॅमिक? मिक्सिंगसाठी स्पीकर लगेच हवेत का? भिंतींना फोम लावला की भागतं का? आणि सॅम्पल रेट (आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घ्यायचे तो आकडा) ४४.१ ठेवू, ४८ की ९६?

ब्रँडपेक्षा का आणि कसं हे कळलं तर जास्त बरं.

---

मंद्र

क्रमापासून सुरुवात करतो, कारण पैसे बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळेच वाया जातात.

पहिल्या खेपेला ऑडिओ इंटरफेस (माइक आणि लॅपटॉप यांना जोडणारा डबा), एक माइक, बंद पाठीचा हेडफोन, जड बुडाचा माइक स्टँड, पॉप फिल्टर आणि दोन एक्सएलआर (तीन पिनांच्या, माइकच्या) केबल. केबल दोन अशासाठी की एक बिघडली तर दोष केबलचा आहे की माइकचा हे दुसरी लावून लगेच कळतं. दुसऱ्या खेपेला खोली. मिडी कीबोर्ड तिसरा, स्पीकर सगळ्यात शेवटी. खोलीचं काही न करता स्पीकर आणले तर तुम्ही स्पीकर ऐकणारच नाही, भिंती ऐकाल.

इंटरफेस दोन इनपुट, दोन आउटपुटचा पुरे. त्यात चार गोष्टी बघा: ४८ व्होल्ट फँटम पॉवर (केबलमधूनच कंडेन्सर माइकला मिळणारी वीज), निदान एका इनपुटला 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झेड'चा (गिटार थेट जोडण्याचा) पर्याय, डायरेक्ट मॉनिटरिंग (आपला आवाज लॅपटॉपमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये ऐकणं), आणि कंपनीचा स्वतःचा असिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर. शेवटची गोष्ट विंडोजवर सर्वांत महत्त्वाची. असिओफॉरऑल हा विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चढवलेला मुखवटा आहे. अडीअडचणीला चालतो, पण त्याच्या भरवशावर सेटअप उभा करू नका. यूएसबी माइक घेऊ नका. त्यात इंटरफेस आतच असतो, त्यामुळे पुढे दुसरा माइक जोडायचा म्हटलं की सगळं बदलावं लागतं.

आता माइक. कंडेन्सर खोली जास्त ऐकतो आणि डायनॅमिक ऐकत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दोन्ही कार्डिऑइड (समोरून जास्त, मागून कमी ऐकणारे) असतील आणि तोंडापासून सारख्याच अंतरावर असतील तर थेट आवाज आणि खोलीचा आवाज यांचं प्रमाण जवळजवळ सारखंच येतं. फरक पडतो तो वापरात. डायनॅमिकवर लोक ओठ टेकवून गातात, कंडेन्सरपासून हातभर लांब उभे राहतात. खेळ सगळा अंतराचा आहे. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डीबीने (डेसिबलने) वाढतो, खोलीचा मात्र होता तितकाच राहतो.

तुम्हाला गिटारही रेकॉर्ड करायची आहे म्हणून मोठ्या डायफ्रॅमचा (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याचा) कार्डिऑइड कंडेन्सर सुचवेन. गिटारसमोर डायनॅमिक ठेवला की गेन (माइकच्या आवाजाची वाढ) खूप चढवावा लागतो आणि ती वाढ करणाऱ्या प्रीअँपची सरसर वर येते. शुअर कंपनीचा एसएम ७बी हा डायनॅमिक माइक कितीतरी व्हिडिओंत दिसतो म्हणून लोक तोच आणतात. त्याला निदान ६० डीबी स्वच्छ गेन लागतो. साध्या इंटरफेसवर गेनचं बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज पुरत नाही, आणि मग वेगळा बूस्टर विकत घ्यावा लागतो. फक्त गायन असतं आणि खोली अगदीच घुमणारी असती, तर एसएम ५८ सारखा साधा डायनॅमिक ५ ते ८ सेंटिमीटरवरून वापरा म्हटलं असतं. तो १९६६ पासून बाजारात आहे आणि अजूनही कामाचा आहे.

माइक लावताना पॉप फिल्टर माइकपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर आणि तोंड माइकपासून १५ ते २० सेंटिमीटरवर ठेवा. माइक ओठांच्या उंचीवर पण किंचित बाजूला, म्हणजे 'प', 'फ', 'भ' यांची फुंकर थेट डायफ्रॅमवर बसत नाही. इतक्या जवळून गायलं की खालचा भाग फुगतो. कार्डिऑइडचा तो स्वभावच आहे. मिक्स करताना ८० हर्ट्झच्या आसपास हाय-पास (खालचा भाग गाळणारा फिल्टर) लावा, स्वर कुठे सुरू होतो ते ऐकून पुढेमागे करा.

फँटम पॉवर केबल जोडून झाल्यावर सुरू करा आणि काढण्याआधी बंद करा. त्या वेळी स्पीकर आणि हेडफोनचा आवाज खाली ठेवा, नाहीतर जोराचा ठोका बसतो.

गेन लावायची रीत अशी: गाण्यातली सर्वांत चढी ओळ पूर्ण ताकदीने गा आणि शिखर -१२ डीबीएफएसच्या (डिजिटल मीटर, ० ही कमाल) आसपास येईल इतकाच गेन ठेवा. खऱ्या टेकमध्ये गळा तापला की आवाज आणखी ३ ते ६ डीबी वर जातो, त्याला जागा हवी. मीटर लाल रेषेपाशी पोचलंच पाहिजे हा आग्रह १६ बिटच्या दिवसांतला. २४ बिटला सैद्धांतिक आवाका १४४ डीबी आहे, त्यामुळे थोडं हळू रेकॉर्ड झालं तर मागून वाढवता येतं. क्लिप झालेला (शिखरं कापली गेलेला) टेक मात्र गेला तो गेलाच.

सॅम्पल रेट ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा आणि विषय संपवा. ९६ ला फाइल दुप्पट, प्रोसेसरवरचा भारही साधारण दुप्पट, आणि तुमच्या कामात कानाला फरक पडणार नाही. फक्त इंटरफेसचं कंट्रोल पॅनेल आणि प्रोजेक्ट दोन्हीकडे एकच आकडा असू द्या. एकीकडे ४४.१ आणि दुसरीकडे ४८ झालं तर गाणं जवळजवळ दीड सेमीटोन वर किंवा खाली वाजतं, वेगही बदलतो, आणि माणूस उगाच गिटारच्या खुंट्या पिळत बसतो.

---

कोपऱ्यातला_बास

मंद्र यांनी सांगितलेल्या क्रमाशी सहमत. खोलीबद्दल सविस्तर लिहितो, कारण माप दिलंय आणि मापावरून बरंच काही आधीच कळतं.

आधी एक भेद. बाहेरचा आवाज आत न येणं आणि आतला आवाज घुमू न देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला वजन आणि हवाबंदपणा लागतो: भरीव दार, दाराखालच्या फटीला रबरी पट्टी, खिडकीच्या चौकटीला सील. फोम यात काडीचं काम करत नाही. अंड्यांचे ट्रे तर दोन्ही कामांत निरुपयोगी.

तुमच्या खोलीत लांबीमुळे ४८ हर्ट्झला, रुंदीमुळे ५७ ला आणि उंचीमुळे ६४ ला मुख्य अनुनाद (भिंतींमध्ये ठराविक सूर फुगणं) येतील. हिशोब सोपा आहे: आवाजाचा वेग ३४३ भागिले मापाची दुप्पट. याच आकड्यांच्या पटीत पुढचे अनुनाद, म्हणजे ९५, ११४, १२७. बेस गिटारचे काही सूर अचानक फुगतील आणि शेजारचाच सूर गायब होईल, तो यामुळे. दोष त्या वाद्याचा नाही आणि तुमच्या मिक्सचाही नाही.

म्हणून पातळ फोम घातक ठरतो. २.५ सेंटिमीटरचा फोम वरच्या फ्रिक्वेन्सी गिळतो आणि १०० हर्ट्झला हातही लावत नाही. १०० हर्ट्झची तरंगलांबी ३.४ मीटर आहे, तिच्यापुढे अडीच सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही. सगळ्या भिंतींना असा फोम चिकटवला की खोली वरून मेलेली आणि खालून घुमणारी होते. बोललात तर "वा, किती शांत" वाटतं, पण त्यात केलेलं मिक्स बाहेर कुठेही लावलं की कर्कश येतं, कारण गेलेली चमक तुम्ही ईक्यूने (वरचा-खालचा भाग कमीजास्त करणाऱ्या साधनाने) भरून काढलेली असते.

पॅनेल घरी करा. १२० × ६० सेंटिमीटरची लाकडी चौकट, जाडी १० सेंटिमीटर, आत रॉकवूलच्या पाट्या, घनता ४० ते ६० किलो प्रति घनमीटर. वरून असं कापड, की तोंडाजवळ धरून फुंकर मारली तर हवा आरपार जाईल. रेक्झिन किंवा जाड सोफ्याचं कापड नको, वरच्या फ्रिक्वेन्सी त्यावरून परत फिरतात. भिंतीपासून ५ ते १० सेंटिमीटर पोकळी सोडून टांगा. पोकळीमुळे तेच पॅनेल आणखी खालपर्यंत काम करतं, तेही फुकटात. रॉकवूल कापताना हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. तंतू कातडीत टोचतात आणि श्वासातून आत जातात.

सुरुवातीला सहा पॅनेल पुरतात. दोन समोरच्या दोन कोपऱ्यांत जमिनीपासून उभी, तिरकी. दोन बाजूच्या भिंतींवर पहिल्या परावर्तनाच्या जागी. ती जागा शोधायला तुम्ही खुर्चीत बसा, दुसऱ्या कुणाला भिंतीला चिकटवून आरसा सरकवायला सांगा. आरशात स्पीकर दिसला की तिथे खूण करा. एक डोक्यावर छताला आणि एक पाठीमागच्या भिंतीवर. पुढे जमेल तसे उरलेले दोन कोपरे भरा. टेबलाखाली आणि पुढे जाड गालिचा टाका, पण गालिचाने बास आवरेल अशी अपेक्षा ठेवू नका.

टेबल कुठे? छोट्या, म्हणजे ३ मीटरच्या भिंतीकडे तोंड करून, म्हणजे स्पीकरचा आवाज खोलीच्या लांबीच्या दिशेने जाईल. कान समोरच्या भिंतीपासून लांबीच्या ३८ टक्क्यांवर, तुमच्याकडे साधारण १३७ सेंटिमीटर. खोलीच्या बरोबर मध्यावर, १८० सेंटिमीटरवर बसू नका, तिथे ४८ हर्ट्झ ऐकूच येत नाही. मागच्या भिंतीला टेकून बसलात तर उलट, बासच बास. दोन स्पीकर आणि डोकं यांचा समभुज त्रिकोण करा, बाजू ११० सेंटिमीटर. म्हणजे स्पीकरचं तोंड समोरच्या भिंतीपासून सुमारे ४२ सेंटिमीटरवर येतं आणि दोन्ही बाजूंच्या भिंती प्रत्येकी ९५ सेंटिमीटरवर. ४२ सेंटिमीटरवरच्या समोरच्या भिंतीवरून परतणारा आवाज २०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पाडतो. तिथे स्पीकरच्या मागे १० सेंटिमीटरचं पॅनेल लावलं तर तो बराच भरतो. स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे आणला असता तर तोच खड्डा ८६ हर्ट्झला गेला असता, आणि तिथे पॅनेलचा उपाय चालत नाही. ट्विटर (स्पीकरमधला उंच सुरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीवर. स्पीकर थेट टेबलावर नको, खाली पॅड किंवा वेगळे स्टँड.

३८ टक्के ही फक्त सुरुवातीची जागा. तिथून खुर्ची १० सेंटिमीटर पुढेमागे करून ओळखीचं, बास सरळ चालणारं गाणं ऐका. मोजायचं असेल तर रूम ईक्यू विझर्ड हे सॉफ्टवेअर मोफत आहे. त्याला सपाट प्रतिसादाचा मेझरमेंट माइक लागतो, गायनाचा माइक चालत नाही.

तुमचं कपाट आणि खिडकी समोरासमोर आहेत, म्हणजे डावी-उजवी बाजू वेगळी वाजणार. खिडकीवर जाड, चुण्या पडलेला पडदा लावा आणि परावर्तनाच्या जागी दोन्हीकडे सारखीच पॅनेल ठेवा, हलवता येतील अशी पायांवर उभी. गाणं रेकॉर्ड करताना हीच उचलून गायकाच्या मागे आणता येतात.

हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. लोक माइकच्या मागे फोमची वाटी लावतात. कार्डिऑइड माइक मागून मुळातच कमी ऐकतो. तो ऐकतो गायकाकडे, म्हणजे गायकाच्या पाठीमागची भिंत. पॅनेल तिथे हवं. पॅनेल होईपर्यंत दोन जाड रजया स्टँडवर दुहेरी घडी घालून गायकाच्या पाठीमागे इंग्रजी 'व्ही'च्या आकारात उभ्या करा, किंवा कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याकडे पाठ करून गा. कोपऱ्यात तोंड घालून गाऊ नका.

---

सूक्ष्मश्रुती

स्पीकर शेवटी, हे बरोबर. पण हेडफोनबद्दल दोन शब्द वाढवते, कारण पहिलं वर्ष तुम्ही त्यावरच मिक्स करणार आहात.

रेकॉर्डिंगला बंद पाठीचा, नाहीतर क्लिक ट्रॅक (तालाची टिकटिक) माइकमध्ये झिरपतो आणि गाण्यातल्या शांत जागी टिकटिक ऐकू येते. एक कान उघडा ठेवून गायची सवय असेल तर त्या बाजूचा आवाज पॅन करून पूर्ण बंद करा. इंपीडन्स (विजेला होणारा विरोध) ३२ ते ८० ओहमच्या दरम्यानचा घ्या. २५० ओहमचे हेडफोन यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या इंटरफेसवर हळू वाजतात. ब्लूटूथ इथे चालतच नाही, त्याचा उशीर बऱ्याचदा १०० मिलिसेकंदांच्या वर असतो.

हेडफोनमध्ये डाव्या कानाला उजवा चॅनेल ऐकूच येत नाही. म्हणून पॅनिंग (आवाज डावी-उजवीकडे मांडणं) असतं त्यापेक्षा रुंद वाटतं, रिव्हर्ब (घुमण्याचा परिणाम) बारीकसारीक कळतो आणि मग तो कमी टाकला जातो. उपाय म्हणजे मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) मोनोचं, म्हणजे डावं-उजवं एक करणारं, बटण ठेवायचं आणि गायन-वाद्यांचा तोल मोनोतच लावायचा. मोनोत गिटारखाली शब्द बुडत असतील तर स्टीरिओतला तोल फसवा आहे असं समजा. तुमच्या शैलीची दोन-तीन तयार गाणी प्रोजेक्टमध्येच एका म्यूट ट्रॅकवर ठेवा, आणि ती ६ ते १० डीबी खाली आणून आपल्या मिक्सइतकी करा. जे मोठं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, त्यामुळे पातळी सारखी केल्याशिवाय केलेली तुलना फसवते.

स्पीकर घ्याल तेव्हा ५ इंची वूफरचे (खालच्या सुरांच्या मोठ्या भागाचे) घ्या. ८ इंची या खोलीत फक्त ते ४८ आणि ५७ हर्ट्झ जागे करतील.

---

नवखा_षड्ज

मनापासून आभार. टेबल हलवलं, आरशाने जागा शोधून खुणा केल्या. इंटरफेस आणि कंडेन्सर जोडले आहेत, डीएडब्ल्यू (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर) म्हणून रीपर टाकलंय. तीन अडचणी आहेत.

एक, गाताना हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज दुहेरी येतो, डब्यात गायल्यासारखा. दोन, दहा-बारा ट्रॅक झाले की मधेच तडतड होते. तीन, गिटारचा पिकअप (गिटारमध्येच बसवलेला, आवाज पकडणारा भाग) थेट इंटरफेसला लावला तर गुणगुण येते, आणि चार्जर काढला की थांबते.

---

खटका

पहिल्याचं निदान सोपं आहे. तुमचा आवाज दोन वाटांनी येतोय: एक इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरिंगने, ताबडतोब, दुसरा रीपरमधून फिरून, काही मिलिसेकंद उशिराने. दोन्ही मिसळले की डब्यातला आवाज होतो. एक बंद करा. डायरेक्ट ठेवायचं असेल तर रीपरमध्ये त्या ट्रॅकचं रेकॉर्ड मॉनिटरिंग, स्पीकरच्या चिन्हाचं बटण, बंद करा.

कोरडा आवाज ऐकून गाणं जमत नसेल तर एक युक्ती आहे. वेगळ्या ट्रॅकवर रिव्हर्ब शंभर टक्के ओला (मूळ आवाज नाही, फक्त परिणाम) ठेवा, गायनाच्या ट्रॅकवरून त्याला प्री-फेडर सेंड (फेडर खाली आणला तरी चालू राहणारी वाट) द्या, मॉनिटरिंग सुरू करा आणि गायनाच्या ट्रॅकचा फेडर पूर्ण खाली आणा. कोरडा आवाज डायरेक्ट येईल, उशिरा येईल तो फक्त रिव्हर्ब. रिव्हर्ब १० मिलिसेकंद उशिरा आला तर कानाला तो प्री-डिलेच (रिव्हर्बआधी मुद्दाम ठेवलेला उशीर) वाटतो.

तडतड बफरमुळे (संगणक एका वेळी जितके सॅम्पल साठवून हाताळतो तो साठा). ४८ किलोहर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका दिशेने २.७ मिलिसेकंद, १०२४ म्हणजे २१.३. जाऊन-येऊन दुप्पट, वर ड्रायव्हर आणि कन्व्हर्टरचा थोडा. रेकॉर्ड करताना १२८ ठेवा, मिक्स करताना १०२४ करा. डायरेक्ट मॉनिटरिंगवर गात असाल तर रेकॉर्डिंगलाही ५१२ चालेल. कमी बफर खरोखर लागतो तो मिडी कीबोर्ड वाजवताना, कारण तिथे आवाज सॉफ्टवेअरमध्येच तयार होतो. जड सॉफ्टवेअर वाद्यांचे ट्रॅक वाजवून झाले की फ्रीझ करा (तयार आवाजात बदलून ठेवा). लिनिअर फेज ईक्यू आणि लुक-अहेड लिमिटर (पुढे डोकावून शिखरं दाबणारं साधन) स्वतःचा उशीर वाढवतात, रेकॉर्डिंग संपेपर्यंत मास्टरवर ते नकोत.

बफर वाढवूनही तडतड राहिली तर इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर न्या, वायफाय आणि ब्लूटूथ बंद करून बघा. लेटन्सीमॉन हे मोफत साधन दहा मिनिटं चालू ठेवा, कुठला ड्रायव्हर अडवतोय त्याचं नाव ते दाखवतं. बऱ्याचदा तो वायफायचा असतो. विंडोजचे स्वतःचे आवाज लॅपटॉपच्याच स्पीकरवर पाठवा, इंटरफेस फक्त रीपरला द्या.

एक तपासणी आजच करून टाका. इंटरफेसचं आउटपुट क्रमांक १ एका केबलने लाइन इनपुट क्रमांक १ ला जोडा, त्या ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद आहे याची खात्री करा, एका ट्रॅकवरचा क्लिक दुसऱ्या ट्रॅकवर रेकॉर्ड करा आणि पूर्ण झूम करून दोन्ही शिखरांतलं अंतर सॅम्पलमध्ये मोजा. शून्य किंवा दोन-चार असेल तर ठीक. शंभर-दोनशे असेल तर ड्रायव्हर स्वतःचा उशीर खोटा सांगतोय. तो आकडा रीपरच्या रेकॉर्डिंग सेटिंगमध्ये इनपुट मॅन्युअल ऑफसेट म्हणून भरा आणि पुन्हा मोजा. हे केलं नाही तर प्रत्येक नवा ट्रॅक आधीच्या तालापेक्षा किंचित मागे पडत जातो आणि वाजवणाऱ्याला वाटतं आपलाच ताल सुटतोय.

---

वायरीची_गाठ

गुणगुणीचं बघू. चार्जर काढल्यावर थांबते म्हणजे ती चार्जरमधून किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून येते. सगळ्यात सोपं, गिटार थेट लावून रेकॉर्ड करताना लॅपटॉप बॅटरीवर चालवा. ते शक्य नसेल तर गिटार आणि इंटरफेस यांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल माइक इनपुटजोगा करणारा डबा) घाला, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे अर्थिंगचा फेरा तोडणारं, बटण दाबा आणि तिथून एक्सएलआरने माइक इनपुटला जा. लॅपटॉप, इंटरफेस आणि पुढे येणारे स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावरून चालवा. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. गुणगुण जाईल, पण यंत्रात बिघाड झाला तर वीज अंगातून वाट काढेल.

आवाज माउस हलवताना किंवा पान सरकवताना बदलत असेल तर तो यूएसबीवरचा गोंगाट. स्पीकर आल्यावर तो जास्त ऐकू येतो. स्पीकरला नेहमी बॅलन्स्ड (गोंगाट खोडून काढणारी) केबल लावा, दोन्ही टोकांना टीआरएस किंवा एका टोकाला एक्सएलआर. टीआरएसच्या प्लगवर दोन काळ्या पट्ट्या असतात, गिटारच्या टीएस केबलवर एक. दिसायला सारख्या म्हणून गिटारची केबल स्पीकरला लावली जाते आणि गोंगाट तिथूनच आत येतो.

गिटारच्या बाजूने हाय-झेडचं बटण दाबलेलं आहे ना बघा. पॅसिव्ह पिकअपला साधारण १ मेगाओहमचा इनपुट लागतो. लाइन इनपुटला लावला तर वरचा भाग मरतो, आवाज ब्लँकेटखालून आल्यासारखा. पॅसिव्ह पिकअपची केबल ५ मीटरपेक्षा लांब नको.

स्पीकर आले की चालू करताना सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी.

---

सूक्ष्मश्रुती

पिकअपच्या नादी लागण्याआधी गिटार माइकवर घेऊन बघा. पिझो पिकअप (दाब आणि कंपन पकडणारा) मंचावर सोयीचा असतो, रेकॉर्डिंगमध्ये त्याचा आवाज प्लास्टिकसारखा येतो.

माइक बाराव्या फ्रेटसमोर, २५ ते ३० सेंटिमीटरवर, तोंड मान आणि धड जुळतात त्या जागेकडे किंचित वळवलेलं. ध्वनिछिद्रासमोर ठेवू नका. गिटारच्या पोटातल्या हवेचा अनुनाद १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. प्रत्येक खालचा स्ट्रोक धप्प करून येईल. आवाज पातळ वाटला तर माइक पुलाकडे २ सेंटिमीटर सरकवा, नखांची खरखर जास्त वाटली तर मानेकडे. ईक्यू उघडण्याआधी माइक हलवा. हेडफोन घालून डाव्या हाताने गिटारची तार छेडत उजव्या हाताने माइक सरकवला तरी कळतं की दोन-तीन सेंटिमीटरमध्ये किती बदलतं.

दुसरा माइक लावाल तेव्हा दोन माइकमधलं अंतर हे माइक-गिटार अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, आणि एका ट्रॅकची पोलॅरिटी (आवाजाच्या लाटेची वर-खाली दिशा) उलटवून मोनोत ऐका. ज्या बाजूला खालचा भाग भरीव येतो ती बाजू ठेवा. गात-गात गिटार वाजवण्याचा टेक सुरुवातीला टाळा, दोन्ही वेगवेगळे घ्या. गायनाच्या माइकमध्ये शिरलेली गिटार मागून काढता येत नाही.

प्रत्येक बैठकीत टेकच्या आधी दहा सेकंद खोलीची शांतता रेकॉर्ड करा. पंखा, फ्रिज, लॅपटॉपचा पंखा, जे काही गुणगुणतंय ते तिथेच ऐकू येईल आणि टेक घेण्याआधी बंद करता येईल. लॅपटॉप माइकच्या बरोबर पाठीमागे ठेवा. कार्डिऑइड सर्वांत बहिरा तिथेच असतो.

---

नवखा_षड्ज

डायरेक्ट मॉनिटरिंगचं जमलं, आवाज स्वच्छ आला. केबल जोडून केलेल्या लूप टेस्टमध्ये ७१ सॅम्पलचा फरक निघाला, भरला, आता शून्य. गिटार माइकवरच घेणार. शेवटचं एक: फाइल कशा ठेवायच्या, आणि गाणं पूर्ण झालं की कुठल्या पातळीला बाहेर काढायचं?

---

मंद्र

प्रत्येक गाण्याला स्वतंत्र फोल्डर. प्रोजेक्ट सेव्ह करताना सगळा मीडिया त्याच फोल्डरमध्ये कॉपी करायचा पर्याय पहिल्याच दिवशी निवडा, नाहीतर काही फाइली डाउनलोडमध्ये, काही डेस्कटॉपवर राहतात आणि लॅपटॉप बदलला की अर्धं गाणं सापडत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट मोनो ट्रॅक मिनिटाला ८.६४ एमबी घेतो. चार मिनिटांचं, वीस ट्रॅकचं गाणं म्हणजे सुमारे ७०० एमबी, शिवाय टाकून दिलेले टेक. एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक ऑनलाइन. गाणं संपलं की प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत डब्ल्यूएव्ही करून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. प्लगइन पाच वर्षांनी उघडेल याची खात्री नसते, डब्ल्यूएव्ही उघडते.

बाहेर काढताना २४ बिट डब्ल्यूएव्ही, सॅम्पल रेट प्रोजेक्टचाच. ट्रू पीक (आवाजाचं खरं शिखर) -१ डीबीच्या वर जाऊ देऊ नका, कारण एमपी३ किंवा एएसी करताना शिखरं थोडी वर सरकतात आणि क्लिप होतात. बऱ्याच स्ट्रीमिंग सेवा आवाज -१४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं एकक) आसपास आणून वाजवतात, पण तो आकडा गाठायचं लक्ष्य म्हणून धरू नका. गायन आणि एका गिटारचं गाणं -१६ लाच उत्तम वाटत असेल तर तिथेच सोडा. लिमिटर ३ डीबीपेक्षा जास्त दाबायला लागला की आधी मिक्समध्ये काय उसळतंय ते शोधा. बहुतेक वेळा गायनातली एखादी ओळ किंवा गिटारचा एखादा स्ट्रोक असतो, आणि तो त्या ट्रॅकवर व्हॉल्यूम ऑटोमेशनने (ठराविक जागी आवाज आपोआप कमीजास्त करण्याने) खाली आणला की लिमिटरचं काम आपोआप हलकं होतं.